पाठमोरे मामा

बगीच्यात लेकरांना घेऊन येणारी सगळी मोठी माणसं झोपाळ्यांकडे तोंड करून बसायची. आपलं लेकरू पडलं तर दिसावं, दुसऱ्याच्या लेकरानं ढकललं तर त्याच्या आईला चार शब्द सुनावता यावेत, म्हणून. आमचे मामा तेवढे भिंतीकडे तोंड करून बसत. खामगावच्या त्या नगरपालिकेच्या बगीच्यात कुंपणाच्या भिंतीलगत सिमेंटचा एक बाक होता. त्याला टेकायला काही नव्हतं, त्यामुळे त्यावर कुठल्याही बाजूनं तोंड करून बसता यायचं. दर रविवारी ऊन कललं की मामा त्या बाकावर भिंतीसमोर बसायचे आणि तिच्यावर रंगवलेल्या स्वच्छतेच्या घोषणा वाचत राहायचे. नवी लेकरं त्यांच्याकडे पाहून एकमेकांना विचारायची, "या बुवाले कोनी सजा देली का बे?"

त्यांच्या पाठीमागे, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, दुसऱ्या बाकावर मी आणि माझे पप्पा बसलेले असायचो. मामांनी पप्पांशी अबोला धरला होता. बोलायचं नाही म्हणजे पाहायचंही नाही, असं त्यांचं स्वतःचं कलम होतं, म्हणून ती पाठ. पण मला पप्पांना भेटवायला दर रविवारी हात धरून बगीच्यात आणायचे तेही मामाच. हे दोन्ही एकाच माणसानं कसं करायचं, याचं उत्तर त्यांनी त्या बाकावर शोधलं होतं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. बाजारात त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. कापसाच्या सरकीतून तेल काढून घेतलं की मागे ढेप उरते, ती गाई-म्हशींना घालतात. तिचा तेलकट, जरासा आंबूस वास मामांच्या सदऱ्याला कायम यायचा, अगदी लग्नकार्यात घातलेल्या इस्तरीच्या सदऱ्यालासुद्धा. आणि बोलणं तर विचारू नका. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी म्हशीची तब्येत विचारायचे, मग घरच्यांची. रस्त्यानं कुणी ओळखीचं भेटलं नाही तर अनोळखी माणसालाच थांबवायचे, "काऊन भाऊ, कोन्या गावचे?" मामी म्हणायची, "यायले तोंड धुवाले बसवा, हे तांब्यासंग बोलतीन." असा हा माणूस आठवड्यातून एक अख्खी दुपार तोंड मिटून बसायचा. ते त्यांना किती जड जात असेल, हे मला आता समजतं. तेव्हा नुसती गंमत वाटायची.

अबोल्याचं कारण सांगते. पप्पा खामगावजवळच्या जलंबचे. भावांचं एकत्र घर, एकत्र शेती, आणि थोरल्या भावाचा शब्द शेवटचा. आईचं आणि त्या घराचं पटलं नाही. कुणाचं किती चुकलं हे मी दोन्हीकडून पुष्कळ ऐकलंय आणि मला दोन्ही बाजू ऐकताना खऱ्या वाटतात, म्हणून तो विषय मी सोडूनच दिला आहे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडची माणसं सारखी सांगतात. आईची पेटी अंगणात आणून ठेवली, मला तिच्या कडेवर दिलं आणि तिला निघून जायला सांगितलं, तेव्हा पप्पा तिथंच उभे होते आणि काही बोलले नाहीत. मामा तिला न्यायला आले होते. त्यांनी पप्पांना विचारलं, "तुमचं काय म्हननं हाये?" पप्पा खाली पाहत राहिले. मामांनी पुन्हा विचारलं. पप्पांनी मान वर केली नाही. मामांनी पेटी उचलली आणि जाता जाता तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले, "जो मानूस माह्या बहिनीसाठी बोलला नाही, त्याच्यासंग मी काऊन बोलू?"

पुढे दोन्हीकडच्या नातेवाइकांची बैठक बसली. पोरगी आईजवळ राहील आणि बापाला आठवड्यातून एकदा भेटेल, एवढ्यावर एकमत झालं. भेटायचं कुठं, यावर मात्र घोडं अडलं. जावयानं आमच्या घरी पाय ठेवायचा नाही, असं इकडचे म्हणाले. पोरगी जलंबला पाठवायची नाही, असंही इकडचेच म्हणाले. कुणीतरी बसस्टँड सुचवलं. त्यावर मामा उसळले. "पोरगी काय पार्सल हाये का, स्टँडवर हाती द्याले? लेकराले लोकं बगीच्यात नेतात. बगीच्यात भेटू द्या." आईनं मान डोलावली, पण मी काही तिथं जाणार नाही, असंही सांगून टाकलं. मग पोरीला नेणार कोण? बैठकीतल्या सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळल्या. "मी नेईन," मामा म्हणाले, "पन बोलनार नाही." हे सगळं मी अर्थात मागाहून ऐकलेलं. मी तेव्हा बालवाडीत होते आणि बैठकीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते म्हणे.

बगीच्यात मामांना सगळी लेकरं 'ढेपवाले मामा' म्हणायची, आणि त्याचं कारण त्यांचं पोतं. बगीच्यातली घसरगुंडी लोखंडी पत्र्याची. खामगावच्या उन्हात ती अशी तापायची की लेकरू बसलं की किंचाळत उठायचं. मामा दुकानातून ढेपेचं रिकामं पोतं झटकून बरोबर आणायचे. आधी बाटलीतलं पाणी पत्र्यावर ओतायचे, तळहात लावून पाहायचे, मग मला पोत्यावर बसवून वरून सोडायचे. पोत्यावरून असा वेग यायचा की खालच्या वाळूत मी पार पुढे जाऊन पडायची. दोन-तीन रविवारांत त्या पोत्यासाठी रांग लागायला लागली. मामा रांगेचा बंदोबस्त करायचे, रडक्यांना पुढे घ्यायचे, घुसणाऱ्यांना "ए पोट्ट्या, मांगं हो" म्हणून दटावायचे. तेवढ्यात जलंबहून येणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीची वेळ व्हायची. फाटकातून पप्पा येताना दिसले की मामा पोतं माझ्या हाती द्यायचे आणि जाऊन भिंतीसमोर बसायचे. मागची सगळी रांग ओरडायची, मामा, मामा, पण ते वळायचे नाहीत.

आता मी बुलढाण्याला असते आणि माझ्या मुलाला इथल्या बागेत नेते. घसरगुंड्या प्लास्टिकच्या आहेत, रंगीत आणि वळणावळणाच्या, खाली मऊ रबर. कुणाला पोत्याची गरज नाही. आम्ही सगळ्या आया-बाबा नियमानं लेकरांकडे तोंड करून बसतो आणि आमच्या माना हातातल्या फोनमध्ये असतात. मीही त्यातलीच. मुलगा "आई, पाह्य" म्हणून वरून ओरडतो, मी "हो हो, पाहिलं" म्हणते, आणि तो खाली येऊन विचारतो, सांग बरं मी कोणत्या हातानं टाटा केला? मग माझी बोबडी वळते. मामा भिंतीकडे तोंड करून बसायचे, पण त्यांना असलं काही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, याची मला खात्री आहे.

कारण त्या पाठीला सगळं दिसायचं. एकदा पप्पा माझ्यासाठी बर्फाचा गोळा घेऊन आले. मी तोंडाला लावणार तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "पूजे, तुह्या बापाले सांग, पोरीले खोकला हाये." पप्पा तिथंच, ऐकू येईल एवढ्यावर. तरी मी उठले, पप्पांसमोर उभी राहिले आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाले, "पप्पा, मामा म्हणतात मला खोकला आहे." पप्पा मला म्हणाले, "तुह्या मामाले सांग, मले माहीत नव्हतं." मी चालत मामांकडे गेले आणि ते त्यांना सांगितलं. मामा भिंतीला म्हणाले, "त्याले सांग, आता माहीत झालं." गोळा तोवर वितळून माझ्या कोपरापर्यंत आला होता.

पुढं वर्षानुवर्षं असंच चाललं. शाळेचं स्नेहसंमेलन कधी आहे, चपला कोणत्या मापाच्या आणायच्या, गोवराची सुई टोचली की नाही, सगळं माझ्या तोंडून जायचं आणि यायचं. दोघांनाही एकमेकांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं, पण मी सांगितल्याशिवाय ते कुणीच ऐकल्यासारखं करायचं नाही, हा नियम दोघं कसोशीनं पाळायचे. बगीच्यातले लोक हसायचे. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, "बाई, या दोघांतला बहिरा कोन हाये?"

जरा मोठी झाल्यावर मी त्या निरोपांत हात घालायला लागले. मामांनी "त्याले म्हना, गाडी सापडत नसन तर आदल्या दिवशी निंघत जाय" असं म्हटलं की मी पप्पांना सांगायची, "मामा म्हणतात, तुम्हाला उशीर झाला तर आम्हाला काळजी वाटते." पप्पांनी "ठीक हाये म्हना" म्हटलं की मी मामांना सांगायची, "पप्पा म्हणतात, मामांनी माझी फार चांगली काळजी घेतली." मला वाटायचं, असं थोडं थोडं गोड घालत गेलं तर एक दिवस दोघं आपोआप बोलायला लागतील. एकदा मामांनी मला बाकावर शेजारी बसवून घेतलं. भिंतीवरची नजर न हलवता म्हणाले, "पूजे, मले कान हायेत. तो येवढं गोड बोलत नाही आन् मीबी येवढा गोड मानूस नाही." मला रडूच आलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पन सांगत जाय. चांगलं सांगतं तू." तेव्हापासून मी बिनधास्त गोड करायला लागले.

मी झोपाळ्यावरून पडले तो दिवस मला अजून आठवतो. गुडघा चांगलाच फुटला होता. पप्पा धावले, आणि मी वर पाहते तर मामा त्यांच्याही आधी येऊन पोचलेले. पाठ करून बसलेला माणूस समोर तोंड असलेल्या माणसाच्या आधी कसा पोचला, याचा हिशेब मला आजवर लागलेला नाही. एकानं पाय धरला, एकानं डोकं. मामा म्हणाले, "पूजे, त्याले सांग, रुमाल दे म्हना." मी भोकाड पसरलेलं. तशात हुंदके देत देत म्हणाले, "पप्पा, मामा, रु, रुमाल..." पप्पांनी रुमाल दिला. "मामाले सांग, घट्ट बांधा." "मामा, घट्ट..." रक्त पाहून माझा जीव चालला होता आणि हे दोघं बाप्ये माझ्याकडून टपालाचं काम करून घेत होते. त्या दिवशी मला दोघांचाही मनापासून राग आला.

आणि मग एका रविवारी पप्पा आलेच नाहीत. "गाडी लेट असन," मामा म्हणाले. पुढच्या रविवारीही आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. जलंबहून येणाऱ्या कुणाकडून तरी घरी बातमी पोचली होती, ती मला मामीच्या कुजबुजण्यातून कळली. कोर्टातून आई-पप्पांची फारकत झाली होती आणि जलंबच्या घरानं पप्पांसाठी दुसरी सोयरीक पाहिली होती. मुलीकडच्यांची अट होती की पहिल्या घरचं लेकरू भेटता कामा नये. थोरल्या भावानं हो म्हणून टाकलं होतं. पप्पा काय म्हणाले? काही नाही. नेहमीसारखे खाली पाहत राहिले असतील, असं मला वाटलं, आणि पप्पा आता सुटले आपल्या हातून, असंही वाटलं. मी शाळेत जायची, जेवायची, पण वर्गातल्या मुली वडिलांबद्दल बोलायला लागल्या की मी पाणी प्यायला उठून जायची.

आई मामांना म्हणाली, "दादा, नको नेऊ आता पोरीले. फाटकाकडं पाहून पाहून अर्धी झाली ते." मामा म्हणाले, "बगीचा काय तुह्या नवऱ्याचा होता? आम्ही घसरगुंडी खेयाले जाऊन राह्यलो." खरं तर मी घसरगुंडीच्या वयाची राहिले नव्हते. तरी गेलो. त्या दिवशी मामा पहिल्यांदा बाकावर उलटे, म्हणजे खरं तर सुलटे, बसले. फाटकाकडे तोंड करून. मी शेजारी. लेकरं पोतं मागायला आली तर त्यांनी ते देऊन टाकलं, रांगेकडे पाहिलंही नाही. छोटी गाडी यायची वेळ उलटली, बगीच्यातली गर्दी पातळ झाली, रखवालदार शिटी फुंकायला लागला. मामा एवढंच म्हणाले, "चाल."

त्यानंतरच्या रविवारी पप्पा आले. रेल्वेची वाट न पाहता बसनं, गाडीच्या वेळेआधीच. मामांनी त्यांना फाटकात पाहिलं, उठले, बाकाच्या दुसऱ्या बाजूला वळले आणि भिंतीवरच्या घोषणा वाचू लागले. पप्पांनी मला जवळ घेतलं. त्या सोयरिकीचं पुढे काही झालं नाही. पप्पांनी थोरल्या भावाला नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या आयुष्यातलं ते बहुधा पहिलं मोठ्यानं बोललेलं वाक्य.

मधल्या आठवड्यात काय घडलं, ते मला मी कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हाही आम्ही बगीच्यातच भेटायचो. पप्पा आणि मी एका बाकावर, मामा भिंतीसमोर. पप्पा सांगू लागले. त्या आठवड्यात एका दुपारी मामा जलंबला त्यांच्या अंगणात येऊन उभे राहिले. घरची सगळी शेतात गेलेली. पप्पा एकटेच म्हशीला ढेप घालत होते. मामांनी इकडंतिकडं पाहिलं. निरोप सांगायला मधे कुणी नाही. बोलायचं तर नाही, आणि बोलायला तर आलेले. मग ते सरळ म्हशीजवळ गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्याशीच बोलायला लागले.

"काऊन वं, तुह्या मालकाले एक पोरगी हाये, माहीत हाये का तुले? ते दर रविवारी फाटकाकडं तोंड करून बसते. मले इचारत नाही काही. इचारलं असतं तर बरं झालं असतं. तुहा मालक एकडाव बोलला नाही, तवा माह्या बहिनीचं घर गेलं. आताबी बोलून नाही राह्यला. आता पोरीचा बाप चालला. बायको सोडून जाते, घर मोडते, समदं समजते मानसाले. पन जिता बाप येत काऊन नाही, हे लेकराले कसं समजावून सांगू मी? तूच सांग त्याले." मग त्यांनी टोपलीतली ढेप चिमटीत घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "आन् हेबी सांग, हे ढेप बुरशी धरलेली हाये. असली खाऊ घालत जाऊ नको म्हना." आणि पाणीसुद्धा न पिता स्टेशनाच्या वाटेला लागले.

हे सांगताना पप्पा हसत होते आणि डोळे पुसत होते. मी मामांकडे पाहिलं. ती पाठ जराशी हलली. भिंतीकडून आवाज आला, "पूजे, त्याले इचार, गवाही द्याले म्हैस आनली का म्हना त्यानं?" मी पप्पांना विचारलं. पप्पा म्हणाले, "मामाले सांग, ते म्हैस इकली." मामा म्हणाले, "मंग झालं."

त्या दिवशी घरी परतताना मी मामांना धीर करून विचारलं. इतकं केलंत, जलंबला जाऊन आलात, मग बोलून का टाकत नाही? पप्पा बदलले आहेत. मामा म्हणाले, "तुहा बाप तुले पाहिजे, म्हनून मी गेलो. ते तुह्यासाठी होतं. पन मी बोललो तर सगळे म्हनतीन, मिटलं. तुह्या मायचं मिटलं का? तिनं एकटीनं काहाडले इतके वर्स. तिचं मिटल्याबिगर माहं कसं मिटन?" माझ्या बाजूनं मी नेहमी दोनच माणसं मोजत आले होते, एक भिंतीकडे तोंड करून बसलेला आणि एक माझ्या शेजारी. जी बगीच्यात कधी आलीच नाही, तिच्यासाठी एक बाजू कुणीतरी राखून बसलं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मामांबद्दल मला नेहमीच प्रेम होतं. त्या संध्याकाळपासून त्यांचा धाकही वाटायला लागला, आपल्याला इतकं सरळ राहता येईल का, असा.

माझं लग्न झालं तेव्हा मामांनी मला बोहल्यावर आणलं आणि पप्पांनी कन्यादान केलं. आई मांडवात मागे, बायांमध्ये बसली. फोटोत मामा आणि पप्पा शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांनीही फोटोवाल्याकडे पाहायच्या निमित्तानं माना विरुद्ध बाजूंना वळवल्या आहेत. फोटोवाला ओरडत होता, "मामा, इकडं पाहा, मामा!" तो अल्बम पाहताना माझा नवरा दर वेळी हसतो.

मामा गेले, त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. हृदय थकलं होतं. दवाखान्यातल्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर ते उशांना टेकून बसलेले असायचे, कारण आडवं झालं की दम लागायचा. आवाज खाली आला होता, तरी नर्सबाईंना गाव विचारून झालं होतं आणि त्यांच्या घरी म्हैस नाही म्हणून हळहळूनही झालं होतं. आई खाटेशेजारच्या स्टुलावर बसून असायची. मी बुलढाण्याहून आले होते. पप्पांना मीच फोन केला होता, पण ते येतील असं मला वाटलं नव्हतं, कारण तिथं आई असणार हे त्यांना माहीत होतं.

दुपारी पप्पा दारात येऊन उभे राहिले. डोक्यावरचे केस पांढरे झालेले, हातात मोसंब्यांची पिशवी. आईनं त्यांना पाहिलं. इतक्या वर्षांत दोघं एका खोलीत समोरासमोर प्रथमच आले होते. मामांनी आईकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. आई उठली. तिनं आपलं स्टूल दोन्ही हातांनी उचललं, पप्पांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "बसा. मी च्या सांगते." आणि त्यांच्या बाजूनं बाहेर निघून गेली. ती रागावलेली नव्हती. थकलेलीही नव्हती. एखादं राहिलेलं काम हातावेगळं करावं, तसं तिनं ते केलं.

पप्पा बसले. पिशवी मांडीवरच होती. मी खाटेच्या पायथ्याशी, दोघांच्या मधे, माझ्या नेहमीच्या जागी. पप्पांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले. ओठ दोनदा हलले, मग आवाज आला. "पूजा, तुह्या मामाले सांग, की तवा अंगनात मी..."

मामांनी चादरीवरचा हात उचलला. पप्पा थांबले.

"पोरीले काऊन सांगून राह्यले तुम्ही?" मामा म्हणाले. ते पप्पांच्या डोळ्यांत पाहत होते. "मले सांगा. मी इथंच हाये न."

मी उठले आणि बाहेर आले. दार माझ्यामागे आपोआप लागलं. व्हरांड्यात आई चहाचे कप घेऊन उभी होती, तीही आत गेली नाही. आम्ही दोघी तिथंच खुर्च्यांवर बसलो आणि मला इतकं रडू आलं की आईनं कप खाली ठेवून माझं डोकं खांद्यावर घेतलं. आतून आधी पप्पांचा आवाज येत होता, अडखळत, बराच वेळ. मग मामांचा. मग पुन्हा पप्पांचा. शब्द कळत नव्हते. आणि आतलं काही कुणाला जाऊन सांग, असं मला कुणीच म्हणालं नाही.